पाण्याखालच्या आवाजावरून डॉल्फिनची दिशा काढायची तर: हतनूरच्या चाचणीत काय बिघडलं आणि मालवणआधी काय दुरुस्त करावं

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळच्या तीन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पिझो चकत्यांपासून (दाब बदलला की वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या चकत्या) दोन हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात बुडवायचे माइक, घरी बनवले. ते दोन वेगवेगळ्या यूएसबी साउंड कार्डांना जोडले आणि तापीवरच्या हतनूरच्या जलाशयात होडीच्या दोन टोकांना, साधारण ३ मीटर अंतरावर, दोरीने सोडले. सुरुवातीला दोन्ही हायड्रोफोन एकत्र धरून एक ठोका मारला आणि त्यावर दोन्ही फाइली जुळवून घेतल्या. मग काठाजवळून एकाने पाण्यात दगडावर दगड आपटला. पहिल्या काही ठोक्यांची दिशा बरोबर आली. पुढे ती एका बाजूला सरकत गेली, मधूनच उड्या मारू लागली, आणि दोन-तीन मिनिटांनी प्रोग्रॅम एरर देऊन थांबला. डिसेंबरात हेच सामान मालवणला नेऊन डॉल्फिन कुठल्या बाजूला आहेत ते शोधायचंय. महाग हायड्रोफोन घेतले तर काम होईल का, असं त्यांनी विचारलंय.

नाही होणार. तुमच्या चकत्या कदाचित साध्या असतील, पण तुम्हाला आलेल्या चुका चकत्यांच्या नाहीत. आवाज किती जोरात आला यावरून दिशा काढायची नसते. तो दोन ठिकाणी किती वेळाच्या फरकाने पोचला यावरून काढायची असते. त्यामुळे पैसा आणि मेहनत तीन गोष्टींवर घाला: सगळ्या हायड्रोफोनना एकच घड्याळ, त्यांच्यातलं पक्कं अंतर, आणि समुद्रावर जाण्याआधी गोड्या पाण्यात कसून घेतलेली चाचणी. तापीत डॉल्फिन नाहीत हे खरं, पण दिशा काढण्याची सगळी तयारी खानदेशातच होते. समुद्रावर दिवसाला होडीचं भाडं जातं. तिथे सोल्डरिंग करत बसू नये.

आधी हिशेब. हिवाळ्यात जलाशयाचं पाणी २२ अंशांच्या आसपास असेल तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४८८ मीटर असतो. दोन हायड्रोफोनमध्ये ३ मीटर अंतर असेल तर वेळेतला फरक जास्तीत जास्त २ मिलिसेकंद येऊ शकतो, तोही आवाज बरोबर त्यांच्या रेषेतून आला तर. आवाज काटकोनातून आला तर फरक शून्य. मधल्या दिशांसाठी सूत्र सोपं आहे: कोनाचा कोसाइन = ध्वनिवेग × वेळेतला फरक ÷ अंतर. ९६ किलोहर्ट्‌झने रेकॉर्डिंग केलं आणि फरक ६४ सॅम्पलचा आला (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, इथे ती सेकंदाला ९६ हजार होतात), तर तो ०.६६७ मिलिसेकंद. त्याला १४८८ ने गुणलं की ०.९९२ मीटर, भागिले ३ म्हणजे ०.३३१, आणि कोन सुमारे ७१ अंश. यात एका सॅम्पलची चूक झाली तर काटकोनाजवळ कोन फक्त ०.३ अंशाने हलतो. रेषेच्या टोकाकडे, समजा अक्षापासून १० अंशांवर, तीच चूक पावणेदोन अंशांची होते. म्हणून जोडीच्या टोकाकडच्या दिशांवर कधी फार विसंबू नका.

आता तुमच्या चुका एकेक करून बघू. प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते.

दिशा एकाच बाजूला हळूहळू सरकत जाते, ही घड्याळाच्या घसरणीची खूण. प्रत्येक साउंड कार्डात स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे घड्याळ चालवणारा स्फटिक, असतो आणि कोणतेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे चालत नाहीत. दोन स्वस्त कार्डांत दहा लाखात २० भागांचा फरक असणं अगदी साधं आहे. म्हणजे सेकंदाला २० मायक्रोसेकंद, मिनिटाला १.२ मिलिसेकंद. तुमची सगळी मोजपट्टीच २ मिलिसेकंदांची आहे. शून्यापासून निघालं तरी पावणेदोन मिनिटांच्या आत फरक शक्यतेच्या बाहेर जातो, कोसाइन १ पेक्षा मोठा येतो आणि प्रोग्रॅम थांबतो. तुमच्या एररचं कारण हेच. दर मिनिटाला ठोका मारून फाइली पुन्हा जुळवणं हा उपाय नव्हे. एकच चार-इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारा डबा) किंवा चार-ट्रॅक रेकॉर्डर घ्या, म्हणजे सगळे चॅनल एकाच क्लॉकवर चालतील. बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी हा चार इनपुटचा, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत जाणारा इंटरफेस गाण्याबजावण्याच्या सामानाच्या दुकानात मिळतो. होडीत लॅपटॉप नको असेल तर चार माइक इनपुटचा झूमचा एच६ चालतो, तो ९६ किलोहर्ट्‌झपर्यंत जातो. विकत घेण्याआधी कुणाकडून दोन दिवस मागून आणता आला तर उत्तम. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे असे रेकॉर्डर बहुधा असतात.

मधूनच उड्या, ही परावर्तनाची खूण. पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा वागतो आणि आवाज उलटा करून परत पाठवतो. दगड २ मीटर खोल, हायड्रोफोन २ मीटर खोल आणि अंतर २० मीटर असेल तर थेट वाट आणि पृष्ठभागावरून येणारी वाट यांत सुमारे ४० सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे ९६ किलोहर्ट्‌झला २५-२६ सॅम्पल. फाइल मोठी करून बघा: आधी एक वर जाणारा ठोका आणि त्यामागे तसाच पण खाली जाणारा ठोका स्पष्ट दिसेल. कोरिलेशनने (दोन चॅनलचे आवाज एकमेकांवर सरकवून ते कुठे सगळ्यात जास्त जुळतात ते काढणं, तिथे शिखर येतं) कधी पहिल्याला पहिला, कधी पहिल्याला दुसरा जोडला की दिशा उडी मारते. उपाय असा: ठोक्याचा फक्त पहिला तुकडा घ्या. ठोक्याची कड सापडली की तिच्या आधीचे ०.१ आणि नंतरचे ०.२ मिलिसेकंद कापून घ्या, तेवढ्यावरच कोरिलेशन करा. समुद्रात अंतर वाढलं की हा फरक आणखी लहान होतो. हायड्रोफोन ३ मीटर, डॉल्फिन २ मीटर खोल आणि अंतर १०० मीटर असेल तर फक्त १२ सेंटिमीटर, म्हणजे ८० मायक्रोसेकंद. तिथे थेट आवाज आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. सगळे हायड्रोफोन एकाच खोलीवर असतील तर ही मिसळण सगळ्यांत जवळपास सारखीच होते आणि वेळेतला फरक फारसा बिघडत नाही. एक दोरी ढिली, एक ताठ असं चालणार नाही ते यामुळेच.

उड्यांचं दुसरं कारण वायरिंगमध्ये असतं. एका चकतीची पितळी बाजू केबलच्या जाळीला (शील्डला) आणि दुसरीची आतल्या तारेला जोडली गेली असेल तर दोन चॅनल एकमेकांच्या उलटे होतात. मग कोरिलेशनचं खरं शिखर खालच्या बाजूला जातं आणि प्रोग्रॅम शेजारचं खोटं शिखर उचलतो. दोन्ही हायड्रोफोन बादलीत शेजारी ठेवून बादलीच्या बुडावर टिचकी मारा. दोन्ही चॅनलची पहिली उसळी एकाच दिशेला गेली पाहिजे आणि फरक शून्य किंवा एका सॅम्पलचा आला पाहिजे. ही चाचणी दर वेळी निघण्याआधी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी चूक तुमच्या लक्षात आलेली नाही, पण ती आहेच: दोन हायड्रोफोनवरून डावं-उजवं कळत नाही. होडी उत्तर-दक्षिण असेल तर पूर्वेकडे ७१ अंश आणि पश्चिमेकडे ७१ अंश, दोन्हींचा वेळेतला फरक सारखाच. काठावरचा मित्र कुठे उभा आहे हे माहीत होतं म्हणून ते खपून गेलं. डॉल्फिन तसा सांगून येत नाही. निदान तीन हायड्रोफोन त्रिकोणात हवेत.

त्रिकोणाची चौकट बनवायला जळगावात पीव्हीसी पाइपांची काय वाण! १.५ मीटर बाजूचा समभुज त्रिकोण करा, २५ किंवा ३२ मिलिमीटरचा पाइप पुरतो. सांधे सॉल्व्हंट सिमेंटने पक्के करा आणि पाइपाला वीतभर अंतरावर ८ मिलिमीटरची भोकं पाडा. पाइपात हवा राहिली तर चौकट तरंगते, शिवाय हवेची नळी पाण्यात आवाज जोरदार परतवते. आत पाणी भरलं की ती जवळजवळ अदृश्य होते. हायड्रोफोन पाइपाला चिकटवू नका, कोपऱ्याखाली १५-२० सेंटिमीटरवर ताठ धरतील असे बांधा. प्रत्येक कोपऱ्याला किलोभर वजन द्या. मग तिन्ही हायड्रोफोनच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं टेपने मोजून वहीत लिहा. पाइप १.५ मीटरचा कापला म्हणून हायड्रोफोनही तितक्याच अंतरावर आहेत, असं धरून चालू नका. १.५ मीटरच्या जोडीला एका सॅम्पलची चूक काटकोनाजवळ ०.६ अंशाची पडते, आपल्या कामाला ती भरपूर झाली. मोठी चौकट होडीत मावत नाही आणि लाटेत वाकते. वाकलेल्या मोठ्या चौकटीपेक्षा ताठ लहान चौकट बरी.

आता हायड्रोफोनकडे वळू, कारण इथेही दोन-तीन गोष्टी सुधारण्यासारख्या आहेत. २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती दहा-वीस रुपयांत मिळते. तिची धारकता साधारण २० नॅनोफॅरड असते. ती सरळ लॅपटॉपच्या माइक इनपुटला लावली, तर तो इनपुट २ किलोओहमच्या आसपास असतो आणि ४ किलोहर्ट्‌झच्या खालचं सगळं कापलं जातं. १० किलोओहमच्या लाइन इनपुटला हीच सीमा ८०० हर्ट्‌झवर येते, १ मेगाओहमला ८ हर्ट्‌झवर. शक्य तितका मोठा रेझिस्टर लावावा असं वाटेल, पण समुद्रात तेही घातक ठरतं. लाटेने हायड्रोफोन १० सेंटिमीटर वरखाली झाला की जवळपास १००० पास्कल दाब बदलतो. पाण्याखालच्या आवाजाच्या मापात तो १८० डेसिबल, म्हणजे डॉल्फिनच्या दुरून आलेल्या शिट्टीच्या कितीतरी पट. प्रीॲम्प (हायड्रोफोनचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) तिथेच गुदमरतो आणि वरचं काही ऐकू येत नाही. डॉल्फिनसाठी इनपुटला १०० किलोओहम लावा, सीमा ८० हर्ट्‌झवर येईल. पुढच्या पायरीला १ किलोहर्ट्‌झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर) द्या. गाळणं आधी, वाढवणं नंतर, हा क्रम उलटा करू नका.

प्रीॲम्पला बीएफडब्ल्यू१० किंवा बीएफडब्ल्यू११ हा जेएफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) चालेल. तुमच्या कॉलेजच्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये तो नक्की पडलेला असेल. टीएल०७२ ऑप-ॲम्प ९ व्होल्टच्या बॅटरीवर, निम्म्या व्होल्टेजला बायस करून, हेही चालतं. प्रीॲम्प हायड्रोफोनशेजारीच ठेवा, होडीत नको. शील्ड केबल मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारकता वाढवते. २० नॅनोफॅरडच्या चकतीला २० मीटर केबलचा फारसा फरक पडत नाही, पण पुढे ३ नॅनोफॅरडची लहान सिरॅमिक नळी वापराल तेव्हा त्याच केबलमध्ये ४ डेसिबलहून जास्त सिग्नल जाईल. शिवाय वाढवलेल्या सिग्नलवर घुरघुर कमी चढते.

तिन्ही चकत्या सारख्या हव्यात. दहा विकत घ्या, मल्टिमीटरवर धारकता मोजा आणि ५ टक्क्यांच्या आत जुळणाऱ्या तीन निवडा. चकतीचा अनुनाद काही किलोहर्ट्‌झवर असतो, त्याच्या आसपास वेगवेगळ्या चकत्या वेगवेगळा उशीर लावतात. सिरॅमिकवर सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, चांदीचा मुलामा उखडतो. काच बसवायला वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन टाळा, त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. इपॉक्सी ओतायची ती पातळ थरांत, एक थर घट्ट झाल्यावर दुसरा. जाड ओतली की ती आतून तापते, बुडबुडे धरते, आणि चकतीजवळचा एक बुडबुडा सगळी संवेदनशीलता बिघडवतो. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात तर मिश्रण कपातच घट्ट होतं. हे काम पहाटे करा, रेझिनचा डबा आधी माठाजवळ थंड ठेवा. चकतीऐवजी सिरॅमिक नळी वापरणार असाल तर ती एरंडेल तेलाने भरलेल्या पॉलियुरेथेनच्या नळीत बसवण्याची पद्धत चांगली. एरंडेलाची घनता आणि त्यातला आवाजाचा वेग पाण्याच्या जवळपास असल्याने आवाज सहज आत जातो. तेल भरताना मात्र एकही बुडबुडा ठेवू नका.

पाणी केबलच्या आवरणातून, तारेच्या विणीतून झिरपत आत येतं. फक्त तोंड बंद करून भागत नाही. इपॉक्सीत जाणाऱ्या शेवटच्या दोन सेंटिमीटरचं आवरण सोलून शील्डच्या तारा मोकळ्या करा, म्हणजे रेझिन त्यांच्यात शिरेल. गळती तपासायला गोडं पाणी फसवं असतं. त्यात वीज कमी वाहते, म्हणून हतनूरला चाललेला हायड्रोफोन मालवणला पहिल्या तासात मरतो. बादलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घाला आणि हायड्रोफोन रात्रभर बुडवून ठेवा. ही तपासणी प्रीॲम्प जोडण्याआधी, नुसत्या चकतीची करा. सकाळी मल्टिमीटरवर अवरोध मोजायचा. मीटरच्या पट्टीबाहेर गेला तर ठीक, १ मेगाओहमच्या खाली आला तर तो फोडून नवा करा. दाबाची परीक्षा विहिरीत होते. आपल्याकडच्या विहिरी खोल, आणि १० मीटर पाण्याखाली वातावरणाइतका आणखी एक दाब पडतो. पण विहिरीत किंवा शेततळ्यात दिशेची चाचणी घेऊ नका. चारी बाजूंनी प्रतिध्वनी येतात आणि चांगलं सामानही खोटं ठरतं.

दिशेच्या चाचणीला हतनूर, वाघूर किंवा अनेर जलाशयाचा मोकळा, ६-७ मीटर तरी खोल भाग हवा. पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या आणि लाइफ जॅकेट घाला. हतनूरला हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी उथळ पाण्यात हजारोंनी उतरतात. त्या बाजूला होडी नेऊ नका, आवाज करू नका. पाण्याच्या प्राण्यांसाठी चाललेल्या कामात पाण्यावरच्या पाखरांना उठवणं शोभत नाही. जिथे पंपांची ओळ आहे तिथेही नको. उपसा सिंचनाच्या मोटारी सुरू झाल्या की ५० आणि १०० हर्ट्‌झची गुणगुण पाण्यातून दूरवर येते. शेतीला वीज नसते त्या वेळा गावकऱ्यांना विचारा, त्या वेळांत पाणी नवलाने शांत असतं. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा.

चौकट मधल्या होडीतून ३ मीटर खोल सोडा. एकाच दोरीवर ती फिरत राहील आणि तिचं तोंड कुठे आहे ते कळणार नाही. दोन दोऱ्या घ्या, एक नाळेकडून, एक पिछाडीकडून. म्हणजे चौकट होडीबरोबर वळेल आणि होडीवरचा होकायंत्राचा आकडा तिला लागू पडेल. होकायंत्र इंजिन, बॅटरी आणि मोबाइलपासून लांब ठेवा. दुसरी होडी ५० मीटरवर गोल फिरवा. दर ३० अंशांवर थांबून २ मीटर खोल दोन गोल दगड एकमेकांवर दहा वेळा आपटा आणि प्रत्येक जागेची जीपीएस नोंद घ्या. मग १०० मीटरवर तेच. घरी येऊन काढलेली दिशा आणि जीपीएसवरची खरी दिशा शेजारी-शेजारी लिहा. सगळ्या दिशा सारख्याच, समजा ८ अंशांनी, चुकत असतील तर होकायंत्र किंवा चौकटीचं तोंड चुकलंय, आकडा वजा करा आणि पुढे जा. जोडीच्या टोकांकडे चूक वाढत असेल तर ध्वनिवेग किंवा अंतर चुकलंय. एका हायड्रोफोनच्या बाजूलाच गडबड असेल तर तो चॅनल किंवा त्याची बांधणी. ठोके विखुरलेले येत असतील तर परावर्तन किंवा चौकटीची हालचाल. १२ जागांपैकी १० जागी चूक ५ अंशांच्या आत आली की सामान समुद्रावर न्यायला हरकत नाही.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. सागरी सस्तन प्राण्यांच्या आवाजासाठी पॅमगार्ड नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. त्यात क्लिक (डॉल्फिनचे अगदी छोटे टकटक आवाज) ओळखण्याची, हायड्रोफोनच्या जागा भरून दिशा काढण्याची आणि त्या वेळेसोबत पडद्यावर मांडण्याची सोय आहे. पायथनमध्ये स्वतः लिहायचं असेल तर सायपाय या लायब्ररीतलं कोरिलेशन पुरतं, पण तीन हायड्रोफोनचा एक फायदा जरूर घ्या. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा आणि तिसरा-पहिला या तीन फरकांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. ती दोन सॅम्पलहून जास्त चुकली तर तो ठोका टाकून द्या. चुकीच्या जोड्या या एका चाळणीत बहुतेक गळून जातात.

समुद्रावर गेल्यावर कानाला पहिला धक्का बसेल तो तडतडीचा. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज अखंड चालू असतो. ती नांगीने टिचकी मारणारी छोटी कोळंबी, तिचा आवाज २ किलोहर्ट्‌झपासून कितीतरी वर पसरलेला असतो. खडकाळ तळाजवळ तो सगळ्यात जास्त. तुमचा डिटेक्टर प्रत्येक तडतडीला क्लिक समजेल. इथे वेळ आणि दिशा यांचा आलेख उपयोगी पडतो: कोळंबीचे ठिपके सगळ्या दिशांना पसरलेले दिसतात, डॉल्फिनच्या क्लिकांची माळ मात्र एकाच दिशेला धरून रेघ काढत जाते आणि प्राणी पोहेल तशी ती रेघ हळूच वळते. ही रेघ ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. वाळूच्या तळावर, खडकांपासून दूर थांबा. ध्वनिवेगही बदला: २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो सुमारे १५४१ मीटर असतो. हतनूरचा १४८८ तसाच ठेवलात तर ४५ अंशांच्या दिशेला जवळपास २ अंशांची चूक आधीच पडते.

मालवणच्या किनाऱ्यालगत मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन दिसतात, उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी. त्यांच्या शिट्ट्या तुमच्या चकत्यांच्या टप्प्यात आहेत. क्लिकांची मुख्य ताकद १०० किलोहर्ट्‌झच्या आसपास असते, पण ९६ किलोहर्ट्‌झच्या रेकॉर्डिंगमध्ये ४८ किलोहर्ट्‌झपर्यंतचा खालचा भाग येतो आणि दिशेसाठी तो पुरेसा आहे. २७ मिलिमीटरची चकती मात्र वरच्या आवाजाला एकाच तोंडाने ऐकते. ५० किलोहर्ट्‌झची तरंगलांबी ३ सेंटिमीटर, चकतीइतकीच. क्लिकांवर भर द्यायचा असेल तर १०-१५ मिलिमीटरच्या सिरॅमिक नळ्या घ्या. पैसे वाढवायचेच असतील तर ते इथे, आणि एकच क्लॉक जमल्यानंतर. शिट्टीसाठी वेगळी काळजी घ्या: १० किलोहर्ट्‌झच्या सरळ शिट्टीला कोरिलेशन दर १०० मायक्रोसेकंदाला एक शिखर देतं आणि त्यातलं खरं कोणतं ते कळत नाही. शिट्टी चढते-उतरते तो पूर्ण तुकडा घ्या, ५ ते २० किलोहर्ट्‌झचा पट्टा ठेवा, म्हणजे एकच शिखर उंच उठेल.

शांतता म्हणजे डॉल्फिन नाहीत असं समजू नका. क्लिक डोक्यासमोर अरुंद झोतात जातात, पाठ फिरवलेला डॉल्फिन तुमच्या रेकॉर्डरला जवळजवळ मुका असतो. शिवाय १०० किलोहर्ट्‌झचा आवाज समुद्राचं पाणी किलोमीटरमागे ३० डेसिबलहून अधिक शोषतं, १० किलोहर्ट्‌झचा १ डेसिबलही नाही. म्हणून क्लिक काहीशे मीटरवर विरतात, शिट्टी शांत समुद्रात त्याहून बरीच लांबून येते. किनाऱ्यावर दुसरा प्राणी आहे तो बिनपंखी पॉरपॉइज, डॉल्फिनचा लहान भाऊबंद. त्याचे क्लिक १०० किलोहर्ट्‌झच्या वरच असतात, ९६ किलोहर्ट्‌झच्या सामानाला तो अजिबात ऐकू येणार नाही. त्यासाठी ३८४ किलोहर्ट्‌झपर्यंत रेकॉर्ड करणारा हायड्रोमॉथसारखा स्वतंत्र रेकॉर्डर लागतो. तो एकाच चॅनलचा असल्याने प्राणी आहे की नाही एवढं सांगतो, दिशा नाही.

अंतर मात्र या चौकटीकडून मागू नका. ३०० मीटरवरून येणारी लहर १.५ मीटरच्या चौकटीपाशी इतकी सपाट झालेली असते, की ३०० आणि ६०० मीटर यांतला फरक मायक्रोसेकंदाहून कमी येतो. तुमचं एक सॅम्पल १० मायक्रोसेकंदांचं आहे. जागा काढायची तर दोन ठिकाणांहून दिशा घेऊन नकाशावर रेषा छेदा. दोन होड्या ३००-४०० मीटरवर, दोन्हींवर चौकट, दोन्हींचं घड्याळ जीपीएसवरून सेकंदापर्यंत जुळवलेलं. दिशा छेदायला तेवढी जुळणी पुरते. दुसरी होडी परवडत नसेल तर एकाच होडीने जागा बदलता येते, पण डॉल्फिन मिनिटाला १०० मीटर सहज जातो, म्हणून छेदलेली जागा ढोबळ समजा. ५ अंशांची चूक ५०० मीटरवर ४४ मीटर आडवी पसरते. नकाशावर ठिपका काढू नका, तेवढ्या आकाराचा डाग काढा.

होडीचं इंजिन बंद, मासे शोधण्याचा सोनार बंद, सगळे गप्प. भरती-ओहोटीच्या मधल्या जोराच्या प्रवाहात दोरी गुणगुणते आणि चौकट तिरकी होते, म्हणून ओहोटी किंवा भरती थांबते त्या अर्ध्या तासाच्या आसपास रेकॉर्डिंग करा. दोरी आणि होडी यांच्यामध्ये मीटरभर इलॅस्टिक बांधा, लाटेचे झटके तिथेच जिरतात. सुरत रेल्वेने जवळ आहे म्हणून तापीच्या मुखाशी डुमसला जावं असं मनात येईल. तिथली गढूळ, जोराची भरती-ओहोटी या छोट्या चौकटीला झेपत नाही, कोकणच बरं. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तुमचा डिसेंबर योग्य आहे.

डॉल्फिन आणि पॉरपॉइज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कळपाच्या मागे होडी लावायची नाही, त्यांच्यामध्ये शिरायचं नाही, त्यांना बोलवायला पाण्यात कोणताही आवाज वाजवायचा नाही, अगदी चाचणीचे दगडसुद्धा. चाचणी करायचीच तर डॉल्फिन आसपास नसताना, किनाऱ्याजवळ. कामाला संशोधनाचं रूप द्यायचं असेल तर कॉलेजमार्फत वनखात्याच्या कांदळवन कक्षाला आधी पत्र द्या. तो अर्ज आत्ताच करा, परवानगीला वेळ लागतो.

प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत कागदावर एवढं लिहा: तारीख, सुरुवातीची जीपीएस वेळ, जागा, होडीचं तोंड किती अंशांवर, चौकटीची खोली, पाण्याचं तापमान, गेन (सिग्नल किती पट वाढवला) किती, कुठला चॅनल कुठल्या कोपऱ्याला. गेन मध्येच बदलू नका. डोळ्यांनी डॉल्फिन दिसले तर वेळ आणि दिशा दुसऱ्याने लिहायची, रेकॉर्डरवर बसलेल्याने नाही. घरी आल्यावर आवाजावरून काढलेली दिशा आधी पक्की करा, डोळ्यांची नोंद नंतर उघडा.